गाडीला काय लावून मिळेल, काय नाही

सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तशी आमच्या गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात काळ्या काचांची मागणी सुरू होते. मागणी रास्त आहे, नियम मात्र कडक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून फिल्म चिकटवायलाच बंदी घातली. १ एप्रिल २०२१ पासून सुधारित नियमाने याच मर्यादेत प्रमाणित फिल्मला वाट दिली, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. पण मोजायचं ते काच आणि फिल्म मिळून. कंपनीची काच ७० टक्क्यांची, वर फिल्म ७० टक्क्यांची, की हिशेब ४९ वर येतो. बाजूची काचसुद्धा नापास. म्हणून आम्ही आधी काचेला उजेड मोजायचं मीटर लावतो, मग फिल्मचं बोलतो. गाडी उन्हात उभी राहते एवढीच अडचण असेल, तर पुढच्या काचेला आतून लावायचं सनशेड स्वस्त आणि बिनभांडणाचं.

सीट कव्हर घेण्याआधी सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी चिठ्ठी आहे का, पाहा. असेल तर अपघातात पिशवी तिथूनच शिवण फाडून बाहेर येते. जाड, गच्च कव्हर तिला अडवतं. अशा गाडीला आम्ही त्या जागी मोकळं ठेवलेलं, त्याच मॉडेलचं कव्हर बसवतो. ते थोडं महाग पडतं. डॅशबोर्डवरची विठोबाची किंवा स्वामींची मूर्तीही एअरबॅगच्या झाकणावर नको, मधल्या भागात बसवा. पिशवी फुगली तर मूर्ती थेट तोंडावर येईल.

लोखंडी बंपर गार्ड आम्ही ठेवतच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला कळवलं आहे. धडक सोसायला केलेला गाडीचा पुढचा भाग गार्डमुळे दबत नाही, धक्का चॅसीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात जातो, आणि एअरबॅगच्या सेन्सरचंही गणित चुकतं. सीट बेल्टचा आवाज बंद करणारी क्लिपही मागू नका.

गाळपाच्या दिवसांत रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात दिसत नाहीत, म्हणून लोक हेडलाइटला १०० वॅटचे बल्ब मागतात. त्याने वायर आणि होल्डर तापतात. हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या हेडलाइटच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की उजेड विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. आधी हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून, फोकस लावून घ्या. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

मल्टिटोन हॉर्न, फॅन्सी नंबर प्लेट: नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलाबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलायचा किंवा सीएनजी किट बसवायचं असेल, तर त्याची आरटीओत आरसीवर नोंद लागते. विमा कंपनीलाही कळवा.

येताना आरसी आणि गाडीसोबत मिळालेलं माहिती पुस्तक आणा. वायर कापून जोडायची वेळ येणारं काम आम्ही घेत नाही. कपलरने, म्हणजे वायर न कापता तयार प्लग जोडून बसतं तेवढंच बसवतो.