नांगरून ठेवलेली युद्धनौका आपोआप टिकते का?

‘युद्धनौका पोलादाची असते, निवृत्तीनंतर बंदरात नांगरून ठेवली की कायमचे संग्रहालय तयार,’ असा संदेश पुण्यातील सोसायट्यांच्या गटांवर अनेक वर्षे फिरतो आहे. त्यामागची आस्था खरी असली, तरी समजूत बरोबर नाही.

खाऱ्या पाण्यात पोलाद सतत गंजते. म्हणूनच सेवेतील नौका ठरावीक काळाने सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत, घेऊन तिचा तळ खरवडतात, रंगवतात आणि पोलादाऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे ठोकळे बदलतात. हे काम निवृत्तीनंतरही चुकत नाही. ते थांबले की पत्रे पातळ होऊन पाणी आत येते. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय होती, तरीही अखेर ती भंगारात निघाली, याची हळहळ आजही वाटते. याउलट ‘कुरसुरा’ पाणबुडी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर, पाण्याबाहेर, काँक्रीटच्या आधारावर जपली आहे.

खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते आणि जस्त त्याला वाचवते, याचा पडताळा घरीही घेता येतो. पुण्यातील बोहरी आळीच्या बाजारातून साधे लोखंडी खिळे आणि जस्ताचा मुलामा दिलेली तार आणावी, एका खिळ्याला तार घट्ट गुंडाळावी आणि दोन्ही खिळे मिठाच्या पाण्याच्या वेगवेगळ्या पेल्यांत ठेवावेत. काही दिवसांत उघड्या खिळ्याभोवती तांबूस गाळ साचतो. तारेच्या खिळ्यावर गंज बराच कमी दिसतो.