गोरोचन आणि अस्वलाचे पित्त: फरक कुठे आहे?

चिनी औषधपरंपरेत ही दोन्ही द्रव्ये पिवळट-तपकिरी, कडू आणि ‘उष्णता’ उतरवणारी मानली जातात. त्यामुळे एकाचे गुण सर्रास दुसऱ्याच्या नावावर खपतात. रोगप्रतिकारक पेशींवरचा परिणाम पाहायचा तर आधी त्यांना वेगळे करावे लागते.

गोरोचन (न्यूहुआंग) आपल्याला आयुर्वेदामुळे ओळखीचे आहे. तो गाईबैलांच्या पित्ताशयात झालेला खडा. त्यात प्रामुख्याने बिलिरुबिन, म्हणजे काविळीत डोळे पिवळे करणारे रंगद्रव्य असते, शिवाय कोलिक आणि डीऑक्सिकोलिक आम्ल ही पित्ताम्ले. अस्वलाचे पित्त (श्योंगदान) हा खडा नव्हे, तो वाळवलेला पित्तरस. त्याची ओळख उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल, थोडक्यात ‘उर्सो’, हे पित्ताम्ल. गाईच्या पित्तात ते जेमतेम सापडते.

२००३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवरचा टीजीआर-५ हा ग्राही (संदेश टिपणारे प्रथिन) पित्ताम्लांनी जागा होतो आणि टीएनएफ-अल्फासारखे दाह वाढवणारे रेणू कमी स्रवतात. इथे डीऑक्सिकोलिक आम्ल जोरकस, उर्सो मात्र दुबळे. शिवाय तेच डीऑक्सिकोलिक आम्ल जास्त झाले की दाह भडकवते, हेही प्रयोगांत दिसले आहे. बिलिरुबिनची वाट आणखी वेगळी: प्रयोगशाळेत ते टी-पेशींचा, म्हणजे हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचा, प्रतिसाद आवरते.

पण माणसांवरचा ठोस पुरावा आहे तो उर्सोचा. प्रायमरी बिलियरी कोलान्जायटिस या यकृताच्या आजारात शरीराच्याच टी-पेशी यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर तुटून पडतात. उर्सो पित्ताचा विषारीपणा कमी करते आणि टी-पेशी ज्या खुणेवरून हल्ला करतात ती यकृतपेशींवरची एमएचसी-१ प्रथिनेही घटवते. गोरोचनाबद्दल इतक्या ठामपणे बोलता येत नाही. ‘आनगोंग न्यूहुआंग’ या चिनी औषधी गोळीच्या पारंपरिक कृतीत त्याच्यासोबत हिंगूळ आणि मनशीळ, म्हणजे पारा आणि आर्सेनिकची खनिजे असतात. अशा गोळीचा गुण एकट्या गोरोचनाला देणे मला चुकीचे वाटते, आणि ती मनाने घेणे तर धोक्याचेच.

अस्वलाचा प्रश्न मात्र मनाला लागतो. पित्तासाठी चीन आणि व्हिएतनाममध्ये आशियाई काळी अस्वले वर्षानुवर्षे पिंजऱ्यात डांबली गेली. उर्सोचे शुद्ध स्फटिक मात्र १९२७ मध्येच जपानमध्ये शोदा यांनी वेगळे काढले होते. १९५०च्या दशकात ते प्रयोगशाळेत बनवताही आले. आज आपल्याकडचे डॉक्टर चिठ्ठीवर जी उर्सोची गोळी लिहून देतात, तिचा कच्चा माल बहुतेक वेळा कत्तलखान्यांतून गोळा केलेले गाईबैलांचे पित्त असते; त्यातल्या कोलिक आम्लावर रासायनिक प्रक्रिया करून उर्सो बनवतात.