पॉलिग्राफचे गुण कसे पडतात?

'संशयिताची पॉलिग्राफ चाचणी होणार' अशी बातमी आली की आता खरं बाहेर पडणार, असं लोक धरूनच चालतात. पण हे यंत्र खोटं पकडत नाही. ते श्वास, रक्तदाब, नाडी आणि घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता टिपतं. निकाल ठरतो तो त्या आलेखांना दिलेल्या गुणांवर.

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामातून रोकड गेली. एक प्रश्न थेट असतो: 'ती रोकड तुम्ही घेतली का?' दुसरा तुलनेचा: 'आजवर विश्वासातल्या कुणाला फसवलंय का?' चोराची प्रतिक्रिया पहिल्याला मोठी, निर्दोषाची दुसऱ्याला, हे गृहीतक. घाबरलेला निर्दोष हमाल पहिल्यालाच दचकला, तर ते तिथेच कोसळतं.

आता गुण. सात पायऱ्यांच्या पद्धतीत प्रत्येक वाहिनीला, म्हणजे श्वास, रक्तदाब किंवा त्वचा अशा प्रत्येक आलेखाला, −३ ते +३ मिळतात. त्वचेच्या आलेखात थेट प्रश्नाची उंची तुलनेच्या प्रश्नाच्या दुप्पट असेल तर −१, तिप्पट −२, चौपट −३. उलट असेल तर तेच गुण अधिक चिन्हाचे (+). श्वास मात्र दबला की प्रतिक्रिया धरतात, आणि तो वाचताना परीक्षकांत मतभेद होतात. खोकला, हालचाल किंवा खोल श्वास आला तर त्वचेचा आलेखही उसळतो, म्हणून तेवढा भाग गुणांतून वगळावा लागतो. नव्या 'एम्पिरिकल स्कोअरिंग सिस्टीम'मध्ये हे गुणोत्तर मोजतच नाहीत. कोणती प्रतिक्रिया मोठी एवढंच पाहतात आणि त्वचेला दुप्पट वजन देतात, कारण खरं-खोटं वेगळं करण्यात तीच वाहिनी सगळ्यात सरस ठरली आहे.

'युटा' नावाच्या गुणपद्धतीत त्याच प्रश्नांच्या तीन फेऱ्यांची बेरीज +६ किंवा वर गेली तर खरा, −६ किंवा खाली तर खोटा, मधलं सगळं अनिर्णीत. अचूकतेचे आकडे इथेच फुगतात. १०० चाचण्यांत ७२ बरोबर, ८ चूक, २० अनिर्णीत असतील, तर अनिर्णीत वगळून '९० टक्के' सांगता येतं. सगळे धरले तर ७२.

बरं, ९० टक्के खरंच मानू. गोदामात ५० माणसं, चोर एक. उरलेल्या ४९ निर्दोषांपैकी सुमारे ५ जण 'खोटे' ठरतील. म्हणजे बोट रोखलेल्या सहांपैकी पाच निर्दोष! चमत्काराच्या दाव्याला पुरावा मागायला साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी शिकवलं. वायरी जोडलेल्या दाव्यालाही तोच नियम लावायला हवा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलं आहे की संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही, आणि संमतीने केली तरी निव्वळ निकाल पुरावा ठरत नाही. तेव्हा गोदामातल्या हमालाला नकार द्यायचा पूर्ण हक्क आहे.