हेल्स कॅन्यनमध्ये चकोराच्या शिकारीला येताय? आधी हे वाचा

बुकिंगसाठी फोन येतो तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न बंदुकीचा असतो आणि आमचा गुडघ्यांचा. चकोराची शिकार म्हणजे दिवसभर डोंगर चढणं आणि उतरणं, आणि मधूनच, फार थोडा वेळ, बंदूक चालवणं. हे निघायच्या आधी कळलेलं बरं, तिथे पोचल्यावर नको.

बॉयसी, पोर्टलंड, सिएटल या भागांतल्या मराठी मंडळींसाठी हे पत्रक काढलं आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कुणी बंदूक हातात धरलेली नसते. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी शिकार बंद झाली, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न असतो. आम्हाला विचारा. प्रश्न बाळबोध वाटला तरी विचारा.

जागा कशी आहे

स्नेक नदी आयडाहो आणि ऑरेगन यांची हद्द आखत उत्तरेकडे जाते, तिथला हा पट्टा. आयडाहोच्या बाजूच्या ‘ही डेव्हिल’ शिखरापासून नदीच्या पात्रापर्यंत खोली मोजली तर ७,९९३ फूट भरते. उत्तर अमेरिकेत नदीने कोरलेली याहून खोल दरी नाही. १९७५च्या अखेरीस हा भाग राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि त्याचा कारभार अमेरिकेच्या वनखात्याकडे, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहे. हेल्स कॅन्यन धरणाच्या खाली गाडीरस्ते जवळजवळ नाहीतच. आयडाहोकडून पिट्सबर्ग लँडिंगला एक घाटरस्ता उतरतो, ऑरेगनकडून डग बारला एक खडबडीत वाट येते. बाकी सगळीकडे जायचं ते जेट बोटीने नाहीतर पायी.

आम्ही लुइस्टनहून निघतो. बॉयसीहून हायवे ९५ने पाच-साडेपाच तास धरा, स्पोकेनहून दोन. बॉयसीवाल्यांनी घड्याळ एक तास मागे करायला विसरू नये. लुइस्टन पॅसिफिक वेळेवर चालतं.

सह्याद्रीत भटकलेल्यांना ही दरी लगेच ओळखीची वाटते. वरचे थर बेसॉल्टचे आहेत, साधारण दीड कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. कडा, कड्याखाली घसारा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा. ज्यांनी घसाऱ्यावरून उतरताना टाच रोवायची सवय केली आहे त्यांचं निम्मं शिक्षण झालेलंच असतं. मात्र इथे धरायला कारवी नाही. उतार उघडे आहेत, गवत वाळलेलं आणि निसरडं असतं, आणि नदीकाठच्या ओलाव्यात पॉयझन आयव्ही भरपूर वाढते. तीन-तीन पानांचा गुच्छ दिसला की हात लावू नका. कुत्र्याच्या अंगाला लागून तिचं तेल तुमच्या हातावर येतं, हे बऱ्याच जणांना अंगावर पुरळ उठल्यावर कळतं.

दरीत ठिकठिकाणी निमीपू लोकांच्या, म्हणजे नेझ पर्स जमातीच्या, वस्त्यांच्या आणि दगडांवरच्या चित्रांच्या खुणा आहेत. १८७७च्या मे महिन्यात चीफ जोसेफच्या गटाला पुरात असलेली ही नदी गुराघोड्यांसकट डग बारपाशी ओलांडावी लागली. अशा जागी काही उचलायचं नाही, दगडावर हात फिरवायचा नाही. दगडी बाणाचं टोक खिशात घालणं हा फेडरल गुन्हा आहे.

पक्षी

कवितेत चांदणं पिणारा चकोर तो हाच. इथे तो चीटग्रासचे कोंब आणि बी खातो. पक्षी मूळचा या देशातला नाही. १८९३मध्ये कराचीहून काही चकोर इलिनॉयमध्ये आणले गेले, आणि पुढे पश्चिमेकडच्या राज्यांनी ते मोठ्या संख्येने सोडले. रुक्ष, खडकाळ, उभे उतार हेच त्याचं घर असल्यामुळे जिथे दुसरा पक्षी टिकला नसता तिथे हा रुजला. चीटग्रासही बाहेरूनच आलेलं तण. पाहुण्याला पाहुण्याच्या ताटातलं मिळालं, असंच म्हणायचं.

वजन जेमतेम अर्धा ते पाऊण किलो. पाठ राखाडी, बगलेवर काळे पट्टे, चोच आणि पाय लाल. सकाळी कड्यावरून ‘चुक् चुक् चुकार’ असा आवाज येतो आणि थवा कुठे आहे ते कळतं. कळलं म्हणजे मिळाला असं नाही. चकोर धोका दिसला की चढावर पळतो आणि उडाला की उतारावर उडतो. तुम्ही धापा टाकत वर पोचता तोवर तो धारेवर, आणि तुम्ही धारेवर पोचलात की तो दोनशे फूट खाली, दुसऱ्या सोंडेवर. म्हणून आम्ही थव्याच्या मागे सरळ चढत नाही. आधी बाजूच्या घळीतून उंची गाठायची, मग एकाच उंचीवरून आडवं चालत जायचं. त्यात पाय कमी मोडतात आणि पक्षी जास्त दिसतात.

हंगामाच्या सुरुवातीला, कोरड्या दिवसांत, थवे पाण्याच्या आसपास असतात. शरदातला पहिला चांगला पाऊस पडून हिरवे कोंब फुटले की पाण्याची गरज संपते आणि ते सगळ्या डोंगरभर पांगतात. बर्फ पडलं की पुन्हा खालच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर येतात. आज कुठे जायचं हे ठरवण्याचा आमचा उपाय सोपा आहे: काल मिळालेल्या पक्ष्याच्या गळ्यातली चाऱ्याची पिशवी चिरून बघायची. आत हिरवे कोंब निघाले तर ओल्या, सावलीच्या अंगाला. सुकं बी निघालं तर वरच्या खडकाळ कपारींकडे.

चकोराखेरीज ‘हन्स’ (करडे पार्ट्रिज) वरच्या गवताळ पट्ट्यांत मिळतात आणि डोक्यावर तुरा असलेले कॅलिफोर्निया क्वेल नदीकाठच्या झुडपांत. माउंटन क्वेल दिसला तर बंदूक खाली. आयडाहोत त्याची शिकार बंद आहे. डोक्यावरचा तुरा पुढे वाकलेला आहे की सरळ मागे उभा, हे ओळखायला आम्ही पहिल्याच सकाळी शिकवतो. शंका आली तर गोळी झाडायची नाही.

कुत्रा आणि तुम्ही

खरं काम कुत्री करतात. आमच्याकडे जर्मन शॉर्टहेअर आणि ब्रिटनी आहेत. वास लागला की कुत्री धावता धावता जागच्या जागी थिजते. एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाकपुड्या तेवढ्या हलताहेत. दुसरी कुत्री लांबून ते बघते आणि तीही आहे तिथेच थांबते. आता तुम्ही धावायचं नाही आणि तिला हाका तर अजिबात मारायच्या नाहीत. शक्य तर वरच्या बाजूने, शांतपणे, तिच्या पुढे जायचं. पायाखालून खडे घरंगळतात, दोन क्षण काहीच होत नाही, आणि मग वीसेक पक्षी एकदम फडफडाट करत उतारावर सुटतात. नवा माणूस सगळ्या थव्यावर गोळी झाडतो आणि एकही पडत नाही. एकच पक्षी निवडा. बाकीचे नाहीतच असं समजा.

पक्षी जखमी होऊन पळाला तर शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही, मग त्यात तास गेला तरी चालेल. शिकार केलेला पक्षी खाण्याजोगा असताना टाकून देणं कायद्यानेही गुन्हा आहे.

तुमचा स्वतःचा कुत्रा आणायचा असेल तर आधी बोलूया. सप्टेंबरमध्ये आणि ऑक्टोबरच्या उबदार दिवसांत रॅटलस्नेक असतात. बेसॉल्ट पंजे सोलून काढतो, म्हणून कुत्र्याचे बूट हवेतच. चीटग्रासची कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरतात, ती रोज संध्याकाळी बसून काढावी लागतात. शहरातल्या बागेत फिरणारा गुबगुबीत लॅब्राडोर इथे दुपारपर्यंतही टिकत नाही. रागावू नका, पण आम्ही नाही म्हणू.

बंदुकीबाबत आमची सक्ती

बोटीत सगळ्या बंदुका रिकाम्या आणि कव्हरमध्ये. कुंपण, घसारा किंवा ओढा ओलांडताना बंदूक उघडून काडतुसं बाहेर. नळी माणसाकडे किंवा कुत्र्याकडे एकदाही वळली तर त्या दिवसाची शिकार तिथेच संपली, पैसे परत नाहीत. पक्षी उतारावर खाली उडतात आणि खाली माणसं, कुत्री असतात. म्हणून पक्ष्याच्या मागे आकाश दिसत नसेल तर चाप ओढायचा नाही. नारिंगी जाकीट आणि टोपी कायद्याने सगळीकडे बंधनकारक नसली तरी आमच्याकडे आहे. बिअर बंदुका पेटीत गेल्यावर.

बंदूक हलकी हवी, वीस बोअरची उत्तम. छरे ६ किंवा साडेसात नंबरचे. नसेल तर आम्ही देतो, आणि पहिल्या दुपारी मातीच्या चकत्यांवर सराव करून घेतो.

परवाने आणि व्हिसा

हा भाग नीट वाचा, कारण गोंधळ इथेच होतो.

नदीच्या एका काठाला आयडाहो, दुसऱ्याला ऑरेगन. ज्या काठावर पाय ठेवून शिकार करणार त्या राज्याचा परवाना लागतो. आमच्या बहुतेक सहली आयडाहोच्या काठावर असतात. तिथे चकोराचा हंगाम साधारण सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारपासून ३१ जानेवारीपर्यंत असतो आणि दिवसाला माणशी आठ चकोरांची मर्यादा आहे. नियम बदलू शकतात, त्यामुळे निघण्याआधी त्या वर्षाची नियमपुस्तिका आम्ही तुम्हाला पाठवतो. आठची मर्यादा आहे म्हणजे आठ मिळतात असं नव्हे. दोन-तीन मिळाले तरी नवख्या माणसाचा दिवस चांगला गेला.

१ जानेवारी १९७५ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आयडाहोचा परवाना काढण्यासाठी हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. दुसऱ्या राज्याचं प्रमाणपत्र चालतं. पहिल्यांदाच शिकार करणाऱ्यांसाठी ‘हंटिंग पासपोर्ट’ नावाची एक वर्षाची सवलत आहे, त्यात परवानाधारक प्रौढ सोबती कायम बोलण्याच्या अंतरावर असावा लागतो.

आता एच-वन-बी, एल-वन, एफ-वन वगैरे व्हिसावर असलेल्यांसाठी. फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे अमेरिकेत मिळालेला वैध शिकार परवाना. म्हणून क्रम असा: आधी हंटर एज्युकेशन, मग परवाना, मग बंदुकीला हात. सरावालासुद्धा हाच क्रम. व्हिसावर असलेल्यांनी ‘हंटिंग पासपोर्ट’च्या सवलतीच्या भरवशावर येऊ नये, पूर्ण परवानाच काढावा, असा आमचा आग्रह आहे. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. शंका असेल तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. आम्ही वकील नाही.

भारतातून आलेले आई-बाबा किंवा सासू-सासरे बरोबर असतील तर त्यांना बंदूक न देता बोटीतून आणि कॅम्पवर आणा. बोटीतून डोंगरी मेंढ्या दिसतात, गरुड दिसतात, आणि म्हाताऱ्या माणसांना घसारा चढावा लागत नाही.

आणखी एक. पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्याला आयडाहोत राज्याचं आउटफिटर लायसन्स लागतं आणि या दरीत फॉरेस्ट सर्व्हिसची परवानगीही. आमच्याकडे या, दुसऱ्याकडे जा, पण कागद मागा. ‘ओळखीतला माणूस आहे, स्वस्तात नेतो’ या भानगडीत परवाना तुमचाही जाऊ शकतो.

तयारी

नदीकाठ समुद्रसपाटीपासून १,००० ते १,५०० फुटांवर आहे आणि दिवसभरात आपण त्यावर दीड-दोन हजार फूट चढतो, तेही वाट नसलेल्या उतारावर. दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा पाठीवर वजन घेऊन जिने किंवा टेकडी चढा. ट्रेडमिल पुरत नाही, उतरताना मांड्या बोलायला लागतात. घोट्याच्या वर येणारे, आधी वापरून मऊ झालेले बूट आणा. नवे कोरे बूट घालून येणारा दुसऱ्या दिवशी कॅम्पवर बसून असतो. माणशी तीन लिटर पाणी आम्ही बांधून देतो.

सप्टेंबरात दरीत कडक ऊन असतं, डिसेंबरात धारेवर बोचरा वारा. मोबाइलला रेंज नाही. आमच्याकडे सॅटेलाइट फोन आहे, पण तो आणीबाणीसाठी. ऑफिसच्या मीटिंगसाठी नाही. हृदयविकार, दमा, मधुमेह असेल तर लपवू नका. हेलिकॉप्टर येतं, पण यायला वेळ लागतो.

कॅम्प आणि जेवण

तंबू जाड कॅनव्हासचे, आत लाकडाची शेगडी. नदीच्या अगदी कडेला तंबू लावत नाही, कारण वरच्या धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पातळी रात्रीत वर येते. विस्तव लोखंडी परातीतच पेटवायचा आणि राखही परत न्यायची, असा दरीचा नियम आहे. संडासही आपल्याबरोबरच येतो आणि आपल्याबरोबरच परत जातो. हसू येईल, पण म्हणूनच काठ स्वच्छ आहेत.

चकोराचं मांस पांढरं आणि बिनचरबीचं असतं, फार शिजवलं की चोथा होतो. त्वचेसकट ठेवून, दही-हळद लावून, काळ्या मसाल्यात मंद आचेवर सुक्कं केलं की उत्तम. तांबड्या रश्शाचा आग्रह असेल तर हाडांचा रस्सा वेगळा काढतो. शाकाहारी मंडळींची भांडी आणि शेगडी पूर्ण वेगळी. भाकरी रोज, ज्वारीचं पीठ आम्ही लुइस्टनहूनच भरून घेतो.

बुकिंग

एका वेळी चारच शिकारी, दोन मार्गदर्शक. निम्मे पैसे आगाऊ. वारा किंवा पाण्यामुळे बोट निघू शकली नाही तर पूर्ण परत किंवा दुसरी तारीख, तुमच्या मर्जीने. तुम्हीच ऐनवेळी रद्द केलंत तर आगाऊ रक्कम परत मिळत नाही. थँक्सगिव्हिंगचा आठवडा सगळ्यात आधी भरतो. नवरात्रात आपल्या मंडळींच्या जागा बहुधा रिकाम्या असतात, तेव्हा ज्यांना चालतं त्यांनी त्या तारखा विचाराव्यात. हवाही तेव्हाच सगळ्यात चांगली असते.

नाव नोंदवताना परवान्याचा क्रमांक, व्हिसाचा प्रकार, औषधं, बुटाचं माप आणि तुम्ही उजव्या खांद्यावर बंदूक धरता की डाव्या, एवढं कळवा. खांदा माहीत नसेल तर तसंच लिहा, सरावाच्या दुपारी बघू.