कृत्रिम बुद्धिमत्ता कंपन्यांवरील ग्राहक बहिष्कार

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) कंपन्यांनी सुरक्षिततेची काळजी घ्यावी म्हणून ग्राहकांनी ठरवून आणि कारण जाहीर करून त्यांच्या सेवा वापरणे बंद करणे. कारण जाहीर करणे महत्त्वाचे; कोणी गुपचूप वर्गणी बंद केली तर कंपनीच्या लेखी ती नेहमीची गळती ठरते. नवे मॉडेल खुले करण्यापूर्वी त्याच्या धोक्यांची चाचणी व्हावी, निष्कर्ष प्रसिद्ध व्हावेत, बाहेरच्या तज्ज्ञांना तपासणी करू द्यावी, धोक्याची सूचना देणाऱ्या कर्मचाऱ्यांची गळचेपी होऊ नये, अशा मागण्या त्यात असतात.

साबणाचा ब्रँड सोडण्याइतके हे सोपे नाही. एआय मॉडेल कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये किंवा ग्राहक सेवेच्या चॅटबॉटमध्ये दडलेले असते. ते कोणाचे, हे वापरणाऱ्याला बऱ्याचदा ठाऊक नसते. फुकट वापरणारा निघून गेला तर कंपनीचा संगणकीय खर्च उलट वाचतो, मात्र गुंतवणूकदारांना दाखवायचा वापरकर्त्यांचा आकडा घटतो. उद्योग, विद्यापीठे व सरकारी खाती मोठे करार करतात. कराराच्या नूतनीकरणाआधी त्यांच्या खरेदी विभागाने सुरक्षा-चाचणीचा अहवाल मागणे, हा सर्वांत दुर्लक्षित आणि बहुधा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे. शिवाय सोडून गेलेला ग्राहक अधिक बेफिकीर स्पर्धकाकडे वळला, तर हेतूच फसतो. म्हणून कोणाला सोडायचे याबरोबर निवडीचे निकषही संघटकांनी सांगायला हवेत.

दक्षिण कोरियातील कैस्ट या विद्यापीठाने २०१८ मध्ये हान्व्हा सिस्टिम्स या संरक्षण कंपनीबरोबर एआय संशोधन केंद्र उघडले. ऑस्ट्रेलियातील एआय संशोधक टोबी वॉल्श यांच्या पुढाकाराने ५० हून अधिक संशोधकांनी जाहीर पत्र काढले: माणसाच्या अर्थपूर्ण नियंत्रणाविना चालणारी शस्त्रे हे केंद्र बनवणार नाही, अशी हमी विद्यापीठाचे अध्यक्ष देईपर्यंत आम्ही कैस्टला जाणार नाही, तिथल्या पाहुण्यांना बोलावणार नाही, संयुक्त संशोधन करणार नाही. काही दिवसांतच हमी मिळाली आणि बहिष्कार मागे घेतला गेला. हा ग्राहकांचा नव्हे, संशोधकांचा बहिष्कार. तरी एका वाक्यात मावणारी मागणी आणि थांबण्याची आधीच सांगितलेली अट, या दोन गोष्टी कोणत्याही ग्राहक संघटनेने उचलाव्यात अशाच आहेत. ग्राहकांचा नुसता संतापही कधी पुरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये झूमच्या सेवाअटींवरून ओरड झाली, तेव्हा ग्राहकांच्या संभाषणांवर एआयला प्रशिक्षण देणार नाही, असे कंपनीने अटींतच लिहिले.

मिळालेले वचन टिकवणे अधिक कठीण. कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर २०१८ मध्ये गुगलने शस्त्रांसाठी एआय न बनवण्याचे तत्त्व जाहीर केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वगळले. बालदुधाच्या विक्रीपद्धतींवरून १९७७ मध्ये नेस्लेविरुद्ध सुरू झालेला बहिष्कार कंपनीने मागण्या मान्य केल्यावर १९८४ मध्ये थांबला, पण तिच्यावर नजर ठेवणारे गट पांगले नव्हते. त्यामुळेच १९८८ मध्ये तो पुन्हा पुकारता आला.