औषध बदललं, डास तोच

गोव्यात शहरी मलेरिया पसरवतो तो ॲनॉफेलिस स्टीफेन्सी हा डास. याला शेत लागत नाही. गच्चीवरची टाकी, उघडी विहीर, बांधकामावरचं पिंप, नवा स्लॅब ओला ठेवायला सिमेंटचे बांध घालून त्यावर तुंबवलेलं पाणी पुरतं. १९८६ साली पणजीत मलेरियाची साथ आली, तेव्हापासून बांधकाम आणि मलेरिया हे नातं इथं सुटलेलं नाही. मजुरांचं रक्त तपासून आरोग्य कार्ड देण्याची पद्धत त्यातूनच पडली.

फवारणीची गोष्ट जुनी. १९५३ पासून देशभर घरांच्या भिंतींवर डीडीटी हे कीटकनाशक मारलं गेलं: १० लिटर पाण्यात ५० टक्क्यांची १ किलो पावडर, चौरस मीटरला १ ग्रॅम डीडीटी. १९६५ च्या सुमारास देशातले वर्षाचे रुग्ण लाखावर उतरले, १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेले. डास औषधाला सरावले, म्हणजे त्यांच्यात प्रतिकार आला, हे त्यामागचं एक कारण.

मग फवारणीला मॅलेथिऑन आलं, पुढे डेल्टामेथ्रिन. गफलत इथं आहे. डीडीटी आणि डेल्टामेथ्रिनचा गट, दोन्ही डासाच्या मज्जातंतूतल्या सोडियमच्या एकाच वाटेवर घाव घालतात. ती वाट बदललेला डास एकातून वाचला की दुसऱ्यालाही बराचसा तयार असतो. कॉइल आणि प्लगमधलं लिक्विड त्याच गटातलं, हे सहसा कुणी मोजत नाही.

प्रतिकार ओळखायची चाचणी साधी आहे. रक्त न प्यायलेल्या, ३ ते ५ दिवसांच्या २५ माद्या ०.०५ टक्के डेल्टामेथ्रिन लावलेला कागद आत असलेल्या नळीत तासभर ठेवायच्या, मग साखरपाण्यावर २४ तास. अशा चार नळ्या, शिवाय बिनऔषधाच्या. ९८ टक्के मेल्या तर औषध चालतंय, ९० च्या खाली प्रतिकार. बिनऔषधाच्या नळीत २० टक्क्यांहून जास्त मेल्या तर चाचणी बाद. बहुधा पकडतानाच डास चेंगरलेले असतात.

गोव्यात खरा उपाय पाण्यातच आहे. डासाच्या अळ्या मारणाऱ्या टेमेफॉसचं प्रमाण १००० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ५० टक्क्यांचं २ मिली. पण टाकी रोज भरते-रिकामी होते आणि औषध पातळ होत जातं. अळ्या मारणाऱ्याच बीटीआय जिवाणूत अनेक विषं असल्यानं प्रतिकार सहज येत नाही, मात्र उन्हात ते टिकत नाही, दर आठवड्याला टाकावं लागतं. विहिरीत अळ्या खाणारे गप्पी मासे. स्लॅबवर तळं करण्यापेक्षा ओली गोणपाटं. टाकीला झाकण बहुतेक असतंच, जाळी नसते ती ओव्हरफ्लोच्या पाइपाला.