ऑपरेशनआधी बिडी सोडली तर कफ वाढतो?

‘ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलंय ना? मग आता बिडी सोडायच्या भानगडीत पडू नकोस. छाती भरते, कफ सुटतो, भूल देताना त्रास होतो.’ हा सल्ला घरातली वडीलधारी माणसं देतात, वॉर्डातला शेजारच्या खाटेवरचा पेशंट देतो आणि अधूनमधून एखादा डॉक्टरसुद्धा देतो. आरोग्याच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ शोधायला जावं तर हाती काहीच लागत नाही. याचं मूळ मात्र चक्क छापील आहे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये बायपास झालेल्या २०० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशननंतर कुणाच्या फुप्फुसांना त्रास झाला आणि त्यांनी सिगारेट कधी सोडली होती, याची सांगड त्यात घातली होती. सोडून दोन महिनेही झाले नव्हते अशांपैकी ५७.१ टक्के लोकांना त्रास झाला. दोन महिन्यांहून जास्त काळ झालेल्यांत हे प्रमाण १४.५ टक्के होतं. सहा महिन्यांहून आधी सोडलेल्यांत ११.१ टक्के, आणि आयुष्यात कधीच न ओढलेल्यांत ११.९. म्हणजे सहा महिन्यांत पाटी जवळजवळ कोरी होते. सोडायची तर चांगली दोन महिने आधी सोडा, हा त्यातून निघणारा सरळ अर्थ.

पण लोकांनी तो उलटा करून वाचला: दोन महिने हातात नसतील तर सोडूच नका! वरचे आकडे पुन्हा पाहा. ५७ विरुद्ध १४ ही तुलना उशिरा सोडणारे आणि लवकर सोडणारे यांच्यातली आहे. ज्याचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलंय त्याला ‘लवकर सोडणारा’ होण्याचा पर्यायच उरलेला नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत, आज सोडणं किंवा ओढत राहणं. त्यामुळे त्याची तुलना ओढत राहणाऱ्यांशी करायला हवी, आणि सल्ला देणारे नेमकी तीच विसरतात.

शिवाय ऑपरेशनच्या तोंडावर सिगारेट कोण सोडतो? ज्याला जिना चढताना धाप लागते, ज्याचा खोकला रात्री थांबत नाही, ज्याला डॉक्टरांनी खडसावलंय तो. म्हणजे छाती आधीच बिघडलेली म्हणून सिगारेट सुटली, असा क्रम असू शकतो. असा माणूस ऑपरेशननंतर आजारी पडला की दोष जातो सिगारेट सोडण्याच्या माथी. कोणी सोडायची आणि कोणी नाही हे रुग्णांनीच ठरवलेलं असतं, अशा कोणत्याही अभ्यासात ही गफलत दबा धरून बसलेली असते. पुढे २०११ मध्ये अशा नऊ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, आणि ऑपरेशनच्या थोडं आधी सोडल्याने गुंतागुंत वाढते याला आधार सापडला नाही. काहींना सोडल्यावर थोडे दिवस खोकला जास्त जाणवतो, हे खरं. तो त्रासदायक असला तरी ओढत राहण्याचं कारण होऊ शकत नाही.

ऑपरेशन कसं पार पडेल हे सर्जनच्या हातावर जितकं अवलंबून, तितकंच टेबलावर कोण झोपलंय यावरही. वय, मधुमेह, रक्तातलं हिमोग्लोबिन, वजन, हृदयाची ताकद, सगळं मोजलं जातं. आपल्याकडे ज्याला ‘फिटनेस काढणं’ म्हणतात ते हेच. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची एक प्रतवारी जगभर वापरतात. तिच्यात बाकी ठणठणीत असलेला पण सिगारेट ओढणारा माणूस पहिल्या वर्गात बसत नाही, तो दुसऱ्या वर्गात जातो. वय काही कमी करता येत नाही, साखर आटोक्यात यायला महिने लागतात. तंबाखू मात्र आज संध्याकाळी बंद करता येते. म्हणून या यादीत मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण आहे: जखमेत त्या वेळी जे घडतं ते विलक्षण आहे.

सर्जन त्वचा कापतो तेव्हा बारीक रक्तवाहिन्याही कापल्या जातात आणि गुठळ्या होऊन बंद होतात. त्यामुळे जखमेच्या कडांना रक्तपुरवठा कमी, आणि नेमकं तिथेच काम सगळ्यात जास्त. जंतू मारायचे, मलबा हटवायचा, नवी ऊती विणायची. या सगळ्याला ऑक्सिजन लागतो, आणि तो नुसता रक्तात असून भागत नाही, रक्तातून निघून ऊतीत उतरावा लागतो.

जंतू मारायला पहिल्यांदा धावतात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. जंतू गिळला की ही पेशी अचानक प्रचंड ऑक्सिजन ओढू लागते, आणि तो श्वसनासाठी नव्हे तर हत्यारं बनवण्यासाठी. पेशीच्या पटलावरचं एक विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या रेणूवर एक जादा इलेक्ट्रॉन चढवतं आणि सुपरऑक्साइड तयार होतं. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि त्यापासून हायपोक्लोरस आम्ल. लादी पुसायच्या ब्लीचमध्ये जंतू मारणारं रसायन तेच! आपल्या शरीरात, एका पेशीच्या पोटातल्या पिशवीत, ब्लीच तयार होतं.

आता खरी मेख. बहुतेक पेशींचं रोजचं श्वसन अगदी थोड्या ऑक्सिजनवरही चालतं. या विकराचं तसं नाही. त्याच्याभोवती ऑक्सिजनचा दाब जितका, तितका त्याचा वेग, आणि निम्मा वेग गाठायलाच साधारण ४५ ते ८० मिलिमीटर पारा इतका दाब लागतो. (रक्तदाब मोजतात तेच एकक.) म्हणजे जखमेत ऑक्सिजन थोडा घटला तरी पेशी मरत नाही, फिरत राहते, जंतू गिळतही राहते. फक्त गिळलेला जंतू नीट मारू शकत नाही. बाहेरून सगळा बंदोबस्त चोख दिसतो, पण बंदुकीत गोळ्या नाहीत.

१९९१ मध्ये काही संशोधकांनी स्वयंसेवकांच्या दंडाच्या त्वचेखाली ऑक्सिजनचा दाब मोजणारी बारीक नळी बसवली आणि त्यांना सिगारेट ओढायला दिली. सरासरी ६५ वर असलेला दाब ४४ च्या आसपास आला आणि अर्धा-पाऊण तास खालीच राहिला. हे आकडे वरच्या ४५ ते ८० शेजारी ठेवून पाहा. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या जखमेला जागेपणी पुरेसा ऑक्सिजन मिळायची वेळच फारशी येत नाही.

हा दाब पडतो कशाने? निकोटीनमुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हे एक. दुसरा गुन्हेगार कार्बन मोनॉक्साइड. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हिमोग्लोबिनच्या रेणूवर ऑक्सिजनसाठी चार जागा असतात. त्यातली एक कार्बन मोनॉक्साइडने अडवली की उरलेल्या तीन जागांवरचा ऑक्सिजनही जास्त घट्ट धरला जातो. म्हणजे दुहेरी नुकसान: माल कमी चढतो, आणि चढलेला माल मुक्कामी उतरत नाही. कोविडमध्ये घराघरात आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे सपशेल फसतो. त्याच्या दोन रंगांच्या प्रकाशाला कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन जवळजवळ सारखंच दिसतं. धूम्रपान करणाऱ्याच्या बोटावर तो ९८ दाखवेल. त्यावर विसंबून ‘माझा ऑक्सिजन तर उत्तम आहे’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

दिलासा एवढाच की कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने उतरतो. साध्या हवेत दर चार-पाच तासांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारपासून जरी हात आवरला तरी सकाळपर्यंत बराचसा गेलेला असतो. म्हणजे पंधरा दिवस तर सोडाच, शेवटचा एक दिवसही फुकट जात नाही.

नवी ऊती विणण्याची बाजू जरा किचकट आहे, पण ती वगळवत नाही. टाके काढल्यावर जखम ज्याच्या जोरावर टिकते ते कोलॅजेन. प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ देऊन त्याचा दोर बनतो. तो पीळ शरीराच्या तापमानाला टिकायचा तर साखळीतल्या प्रोलीन नावाच्या अमिनो आम्लावर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी बसवावी लागते. हे काम करणाऱ्या विकराला लोह लागतं, क जीवनसत्त्व लागतं आणि पुन्हा ऑक्सिजन लागतो. क जीवनसत्त्व संपलं की स्कर्व्ही होतो आणि जुन्या भरलेल्या जखमाही उकलतात, हे दर्यावर्दी लोकांच्या हकिकतींमधून आपण शाळेतच वाचलेलं असतं. ऑक्सिजन कमी पडला तरी अडतं ते याच टप्प्यावर.

हे झालं प्रयोगशाळेतलं. माणसांवर खरंच फरक पडतो का? डेन्मार्कमध्ये एका गटाने निरोगी स्वयंसेवकांच्या कंबरेखालच्या त्वचेवर मुद्दाम छोट्या जखमा केल्या. धूम्रपान करणाऱ्यांच्या १२ टक्के जखमांत संसर्ग झाला, कधीच न ओढलेल्यांच्या २ टक्के. चार आठवडे सोडलेल्यांत तो लक्षणीय घटला. त्यातही गंमत अशी की सोडणाऱ्यांपैकी काहींना निकोटीनची पट्टी दिली होती, काहींना खोटी पट्टी. दोघांत फरक आढळला नाही. पट्टीतलं निकोटीन सावकाश मुरतं, झुरक्यासारखं झटक्यात रक्तात चढत नाही, हे त्याचं कारण असू शकेल. ‘पट्टीतही निकोटीनच, मग काय उपयोग’ म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

त्याच देशात २००२ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग मला त्याहून मोलाचा वाटतो, कारण त्यात मेयो क्लिनिकच्या अभ्यासातली गफलत शिरायला जागाच ठेवलेली नव्हती. गुडघा किंवा खुबा बदलायला आलेल्या, धूम्रपान करणाऱ्या १२० जणांची जणू चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी केली. एका गटाला सहा ते आठ आठवडे आधीपासून नर्सचं समुपदेशन आणि निकोटीनचे पर्याय, दुसऱ्याला नेहमीची वागणूक. कोण कुठल्या गटात, हे रुग्णाच्या छातीने ठरवलं नाही, चिठ्ठीने ठरवलं. नेहमीच्या गटात ५२ टक्के लोकांना काही ना काही गुंतागुंत झाली, मदत मिळालेल्या गटात १८ टक्के. जखमेच्या तक्रारी ३१ टक्क्यांवरून ५ वर आल्या. मदत मिळालेल्या सगळ्यांनीच सिगारेट सोडली असंही नाही, तरी हा फरक. गट लहान होते, त्यामुळे आकडे तंतोतंत धरून बसू नये. पण स्टॉकहोममधल्या पुढच्या प्रयोगात चार आठवड्यांच्या मदतीनेही गुंतागुंत ४१ वरून २१ टक्क्यांवर आली. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी अगदी शेवटच्या दिवसांत थोडक्यात समजावलं, तेव्हा मात्र गुंतागुंत घटली नाही. म्हणजे एक दिवस कार्बन मोनॉक्साइड उतरवण्यापुरता कामाचा, पण गुंतागुंत घटवायला चार आठवडे मिळाले तर फारच कामाचे.

आपल्याकडे तारीख पुढे ढकलतात ती भलत्याच कारणांनी. अमावास्या नको, पितृपक्ष नको, भटजींनी मुहूर्त काढून दिलाय. न्यूट्रोफिलला पंचांग वाचता येत नाही. पितृपक्षासाठी ऑपरेशन पंधरा दिवस लांबवून ते पंधरा दिवस बिडी ओढत काढणारा माणूस स्वतःहून जोखीम वाढवतो. तारीख लांबवणारच असाल तर निदान तंबाखू सोडण्यासाठी लांबवा, तेही सर्जन थांबायला हरकत नाही म्हणत असेल तरच. आणि ‘सात दिवसांत फुप्फुसं स्वच्छ’ म्हणून विकले जाणारे काढे? कार्बन मोनॉक्साइड श्वासावाटे बाहेर जातो आणि त्याला कुठलीही पुडी लागत नाही.

इथवरची सगळी चर्चा धुराची झाली, आणि इथे महाराष्ट्राचं गणित वेगळं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर तंबाखू चघळणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के. तंबाखू-चुना मळणाऱ्याला किंवा सकाळी उठून मिश्री लावणाऱ्या बाईला ‘सिगारेट ओढता का?’ असं विचारलं की उत्तर नाही येतं, आणि ते खोटंही नसतं. धूर नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही, हे बरोबर. पण निकोटीन आहे, आणि गालात धरून ठेवलेल्या गोळीतून ते बराच वेळ झिरपत राहतं. डेन्मार्कचे आकडे या मंडळींना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तसे प्रयोग मिश्रीवर व्हायला हवेत.

गुटखा आणि सुपारीवाल्यांची अडचण तर भुलेपासूनच सुरू होते. भूलतज्ज्ञ ‘तोंड उघडा’ म्हणतात, तेव्हा ते नुसते दात बघत नसतात, तुमची तीन बोटं आडवी तोंडात मावतात का ते बघत असतात. वर जखमेत जे कोलॅजेन कमी पडत होतं, ते सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आत नको तितकं तयार होतं. गाल आतून पांढरट आणि ताठ होतो, तोंड उघडेनासं होतं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी असे जबडे भूलतज्ज्ञांसमोर येतच राहतात. सुपारी सोडली तरी हा ताठरपणा सहसा मागे फिरत नाही. मग श्वासनळीत नळी घालायला नेहमीची वाट मिळत नाही. रुग्णाला जागं ठेवून, नाकातून बारीक दुर्बिणीच्या मदतीने ती सरकवावी लागते. ही दुर्बीण तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात नसते, त्यामुळे गुटख्याची गोष्ट फिटनेसच्या दिवशीच भूलतज्ज्ञाच्या कानावर घातलेली बरी, बायको शेजारी बसली असली तरी.